अवकाशावरचे व्याख्यान खाडीपासून सुरू करा

तुमच्यापैकी बरेच जण दोन-तीन वर्षांत महाविद्यालयात जाल आणि तेथे अवकाश संशोधनावर एखादे व्याख्यान ऐकाल. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हापासून ह्या विषयाला मागणी फार. सभागृह भरते, पडद्यावर अग्निबाण उडतो, टाळ्या पडतात, आभारप्रदर्शन होते. मग बाहेर पडणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारावे, "अवकाशस्थानकातला माणूस तरंगतो, तो का?" बहुधा उत्तर येते, "तेथे गुरुत्वाकर्षण नसते म्हणून." असे उत्तर आले की व्याख्यान वाया गेले, असे मी समजतो.

आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. मुंबईपासून पणजी सरळ रेषेत जितकी दूर, साधारण तितकीच ही उंची. तेथे पृथ्वीचे आकर्षण जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के असते. मग माणूस तरंगतो कसा? तो सतत पडत असतो, आणि त्याच्याबरोबर स्थानकही पडत असते. पण दोघेही सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगाने पुढे जात असल्यामुळे, जितके ते पडतात तितकीच पृथ्वीची गोलाईही खाली वळत जाते. एवढी एक गोष्ट नीट समजली, तर तासाभराचे सार्थक झाले.

आता समजा, व्याख्यान भाईंदरला आहे आणि समोर मुर्धा, राई, मोरवा, उत्तन येथून आलेली मुले बसली आहेत. व्याख्यात्याने आरंभ कोठून करावा? माझे मत असे, की अमेरिकेपासून नव्हे, श्रीहरिकोट्यापासूनही नव्हे, खाडीपासून करावा. ह्या भागात मिठागरे आहेत आणि मिठागरात पाणी घेतात ते उधाणाच्या भरतीचे. आपल्या किनाऱ्यावर जुन्या लोकांचा एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. हे बरोबर का येते? चंद्राच्या एका फेऱ्यात तिथी तीस. तेवढ्या काळात भरतीची वेळ रोज थोडी थोडी सरकत पूर्ण चोवीस तास पुढे जाते. चोवीस तासांचे तीस भाग केले, की प्रत्येक भाग अठ्ठेचाळीस मिनिटांचा. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, फरक अवघा तीन मिनिटांचा! ज्यांच्याकडे घड्याळ नव्हते आणि दुर्बीणही नव्हती, त्यांनी चंद्राची गती अशी पाढ्यात बसवली होती. चंद्रयानाच्या गोष्टीला ह्याहून चांगली प्रस्तावना मला सुचत नाही.

त्यानंतर शाळेतला पृथ्वीचा गोल आणि दोरी मागवावी. गोल एक फूट व्यासाचा असेल, तर अवकाशस्थानक त्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम एक सेंटिमीटरवर येते. दूरचित्रवाणीचे आणि हवामानाचे भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात, ते येतात सुमारे ८५ सेंटिमीटरांवर. आणि चंद्र? दोरी धरून एका मुलाला नऊ मीटर दूर, थेट वर्गाबाहेर उभे करावे लागते. दोरी धरणारा मुलगा हे अंतर विसरत नाही.

चित्रे दाखवूच नयेत असे नाही. पण चित्राबरोबर कारण सांगावे. बैलगाडीवर ठेवलेल्या 'ॲपल' उपग्रहाचे छायाचित्र तुम्ही पाहिले असेल. १९८१ साली हा उपग्रह एरियन अग्निबाणातून सोडण्यात आला. ते छायाचित्र पडद्यावर आले की श्रोते हसतात, किंवा गरिबीतून केलेल्या प्रगतीचे कौतुक करतात. खरी गोष्ट अशी, की उपग्रहाच्या ॲंटेनाची चाचणी मोकळ्या जागेत करावयाची होती आणि धातूच्या वाहनाने तीत व्यत्यय आला असता. लाकडी गाडी ही तेथे विचारपूर्वक निवडलेली सामग्री होती.

अपयशाची गोष्टही अशीच एका वाक्यात उरकली जाते. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चे 'विक्रम' अवतरक चंद्रावर आदळले. पुढच्या खेपेस त्याचे पाय अधिक भक्कम केले, इंधन वाढवले, मधले पाचवे इंजिन काढून टाकले, आणि उतरण्याची जागा अर्धा किलोमीटर लांबी-रुंदीची होती ती सुमारे चार किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद केली. अभियांत्रिकी म्हणजे काय, हे ह्या बदलांतून कळते. नुसते जयजयकारातून कळत नाही.

एक प्रश्न मात्र हमखास येतो आणि व्याख्याते तो टाळतात: आपल्या देशाला हा खर्च परवडतो का? १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या 'एटीएस-६' उपग्रहाच्या साह्याने आपल्या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोचले, हे सांगावे. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहांनी मोजलेले समुद्रपृष्ठाचे तापमान व पाण्यातील हरितद्रव्य यांवरून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे हे कळवते. उत्तनच्या कोळ्याच्या मुलाला हे ऐकण्याचा हक्क आहे. पण चंद्रयानाचे समर्थन मासळीने करू नये. चंद्रावर आपण मुख्यतः कुतूहलापोटी जातो, हे स्पष्ट सांगून टाकावे. मग ज्याला तो खर्च पटत नाही, त्याने तसे उभे राहून म्हणावे. त्याला गप्प बसवणे हे काही विज्ञानाचे काम नव्हे.

डॉ. जयंत नारळीकरांकडे मुले स्वाक्षरी मागत, तेव्हा ते म्हणत, एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी देईन. २०२५ साली ते निवर्तले, पण ही रीत कोणालाही उचलता येईल. शिक्षकांना माझी विनंती अशी, की व्याख्यात्याला बोलावताना तासातला निम्मा वेळ प्रश्नांसाठी राखून ठेवावा आणि मुलांचे प्रश्न आठवडाभर आधी त्याच्याकडे पाठवावेत. प्रश्न मराठीतच असू देत, कक्षा, भूस्थिर, मुक्तिवेग हे शब्द चांगले रुळलेले आहेत. पहिला प्रश्न सुचत नसेल, तर पाऊणपटीचा हिशेब काही दिवशी दहा-वीस मिनिटांनी का चुकतो, हा विचारून पाहा.