गर्दीतला एक

परवा माझी जाम सटकली होती. एका क्लायंटची पुस्तिका तीन आठवडे राबून लिहिली. छापून आली तर शेवटच्या पानावर पॅन्ट्रीबॉयपासून साहेबांपर्यंत सगळ्यांचे आभार, फक्त माझंच नाव गायब! घरी आले, मोबाइल सायलेंटवर टाकला आणि रिचर्ड ॲटनबरोंचा 'गांधी' (१९८२) लावला. म्हटलं, डोकं तरी शांत होईल.

सिनेमा बेन किंग्जलेचा, मान्य. पण या वेळी मी हट्टाने त्याच्या आजूबाजूलाच बघत बसले. रोहिणी हट्टंगडीच घ्या. शूटिंगच्या वेळी वय जेमतेम तिशीचं, आणि तरुण ते वृद्ध अशा सगळ्या कस्तुरबा तिने उभ्या केल्या! सहाय्यक अभिनेत्रीचं 'बाफ्टा' तिला उगीच नाही मिळालं. डॉ. लागूंचे गोखलेही थोडाच वेळ दिसतात, पण लक्षात राहतात.

आणि ओम पुरी! कलकत्त्याची दंगल, उपोषणाने खंगलेले गांधीजी. हा येतो, त्यांच्या अंगावर रोटी फेकतो. आपला मुलगा मारला गेला म्हणून यानेही एका लहानग्याला मारलंय. मुलगा केवढा होता ते तो नुसत्या हाताने दाखवतो. बस्स, काही मिनिटांचा रोल. मी मात्र रिमोट घेऊन तो हात तीनदा बघितला.

मग पुन्हा सुरुवातीची अंत्ययात्रा लावली. ती शूट झाली ३१ जानेवारी १९८१ला, दिल्लीच्या राजपथावर. खऱ्या अंत्ययात्रेला त्याच दिवशी ३३ वर्षं झाली होती. गर्दी सुमारे ३ लाखांची, कॉम्प्युटरची करामत नाही. बरेचसे लोक तर बिनपैशांचे, स्वखुशीने आलेले. पडद्यावर जेमतेम दोन मिनिटं. गंमत बघा, या सीनमध्ये हीरो फुलांखाली निपचित पडलाय. सीन पेलतात ते आपण ज्यांना सरसकट 'एक्स्ट्रा' म्हणतो, ते. त्यांची नावं कुठल्याच श्रेयनामावलीत मावणार नाहीत.

तेवढ्यात चमकले. माझ्या पुस्तिकेची प्रूफं तपासणारे काका! माझ्या ढीगभर चुका त्यांनी निस्तरल्या. त्यांना मी तरी कुठे थँक्यू म्हटलं होतं?

रात्री साडेअकराला त्यांना मेसेज टाकला. मिनिटभरात उत्तर आलं : 'चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.'

क्लायंटलाही मेल केलीच, पुढच्या आवृत्तीत आम्हा दोघांची नावं टाका म्हणून. गांधीगिरी असली तरी हक्क तो हक्कच ना!