मुर्नाऊची जीटी

मंडळी, आपल्यापैकी जे इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर राहून आले आहेत, त्यांना 'जीटी' म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी : दोन ट्रंकांवर खिडकीची काच आडवी ठेवायची, खाली शंभरचा बल्ब, काचेवर हुशार मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट. मग रात्रभर ग्लास ट्रेसिंग! पहिल्या वर्षाचं निम्मं ड्रॉइंग आम्ही असंच निभावलं. मार्क मिळाले, पण आजही कोणी नटबोल्टचा छेद काढायला सांगितला, तर आम्ही विषय बदलतो.

हे आठवायचं कारण, यंदाच्या हिवाळ्यात आम्ही चित्रकला शिकायला घेतली, आणि तीही नक्कल करूनच. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये कँडिन्स्कीचं मुर्नाऊ गावातल्या घरांचं १९०९ सालचं चित्र आहे. ते छापलेलं पुस्तक समोर उघडून बसलो. धीर एकाच गोष्टीचा होता. हा गृहस्थ कायदा आणि अर्थशास्त्र शिकलेला. १८९६ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते सगळं सोडून रशियातून म्युनिकला चित्रकला शिकायला गेला. आमची चाळिशी उलटली आहे, पण ते असो.

त्या चित्रातली घरं सरळ उभी नाहीत. आम्ही काढली तेव्हा मात्र भिंती ओळंब्यात आणि छपरं समांतर! हाताला सवयच ती. सौ. म्हणाली, "म्युनिसिपालिटी नकाशा लगेच पास करेल. चित्र कुठे आहे?" दुसऱ्या खेपेला पुस्तकच उलटं ठेवलं. घर दिसेनासं झालं, नुसते आकार उरले, आणि भिंती जरा कलल्या. सावलीत काळा रंग मिसळला तर सगळं चित्र काजळलं. निळा-जांभळा घातला तेव्हा कुठे ऊन पडलं. जीटीत रेघ काचेखालून आयती मिळते. इथे प्रत्येक रेघ आधी डोळ्यांनी उचलून आणावी लागत होती. परदेशात नवीन आलो तेव्हा शेजाऱ्याकडे बघूनच तर आम्ही बर्फ उपसायला आणि गवत कापायला शिकलो. तेव्हा कोणी हसलं नाही (निदान तोंडावर तरी).

कन्या नववीत आहे. आमच्याशी तिचं बोलणं हल्ली 'राइड हवी आहे' एवढ्यावर आलेलं. ती मागे येऊन उभी राहिली. "बाबा, हे कॉपी आहे. आमच्या शाळेत ह्याला झिरो देतात."

मग तिला गाब्रिएले म्युंटरची गोष्ट सांगितली. कँडिन्स्की आणि ती १९०८च्या उन्हाळ्यात बव्हेरियातल्या ह्या गावी चित्रं काढायला गेले. पुढच्याच वर्षी तिने तिथे घर घेतलं. गावात काचेच्या मागच्या बाजूने रंगवायची जुनी कला होती. (आपल्या पुण्याच्या केळकर संग्रहालयातही काचचित्रं आहेत, पुढच्या वारीत बघा.) ह्यात सगळं उलट्या क्रमाने : आधी बाह्यरेषा आणि बारीक नक्षी, मग मोठे रंग, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. चुकलं तर वरून झाकायची सोयच नाही. ऐन तिशीतली, चांगली शिकलेली ही बाई गावातल्या हाइनरिश राम्बोल्ड ह्या कारागिराकडून ते तंत्र शिकली आणि तिने जुन्या काचचित्रांच्या नकला केल्या. तिच्या पुढच्या चित्रांतल्या जाड गडद रेषा आणि सपाट रंग ह्यांत त्या काचेचा मोठा वाटा आहे.

कन्या खुर्ची ओढून बसली. "ओके. मग तुझं स्वतःचं कधी?"

पुढच्या रविवारी पुस्तक मिटून खिडकीबाहेरची आमची गल्ली काढायला घेतली. पाच घरं, दोन गॅरेजं, बर्फ. तासाभराने मागे सरकून पाहिलं, तर भिंती पुन्हा ओळंब्यात! आम्ही पट्टी शोधत नव्हतो एवढंच. कन्येने काही न बोलता ब्रश आमच्या हातातून घेतला, आणि तिसऱ्या घराची चिमणी वाकडी केली.