चित्रांची भाषा कोणाच्या मालकीची?

पाटण तालुक्यातील कोयनेच्या पाण्यापासून निर्माण झालेली वीज घरातला दिवा कोणत्या कंपनीचा आहे हे विचारीत नाही. २३० व्होल्टचा दाब आणि सेकंदाला ५० आवर्तने हे प्रमाण सर्वांना सारखे आहे. संगणकाच्या पडद्यावर चित्रे रेखाटणाऱ्या आज्ञांच्या बाबतीत मात्र हा साधा न्याय अजून पुरता रुजलेला नाही.

एकदा लिहिलेली आज्ञावली कोणत्याही यंत्रावर चालावी, या हेतूने १९९२ साली ‘ओपनजीएल’ हे खुले प्रमाण पुढे आले. परंतु मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये ‘डायरेक्टथ्रीडी’ची आणि ॲपलने २०१४ मध्ये ‘मेटल’ची वेगळी चूल मांडली. २०१८ मध्ये तर ॲपलने ओपनजीएलला कालबाह्यच ठरविले. परिणामी तेच काम पुनःपुन्हा करण्याचा भार आज्ञावली लिहिणाऱ्या श्रमिकावर पडतो आणि ग्राहक एका यंत्राशी जखडला जातो. २०१६ चे ‘वल्कन’ हे प्रमाण खुले आहे खरे. पण ते ठरविणाऱ्या ‘क्रोनोस’ संघातही वजन बड्या कंपन्यांचेच आहे.

बाजार आपण होऊन एकवाक्यता आणील, हा भ्रम होय. केंद्र सरकारने २०१० साली ई-प्रशासनासाठी खुल्या प्रमाणांचे धोरण स्वीकारले. तेच तत्त्व अभ्यासक्रमांना आणि सार्वजनिक पैशातून होणाऱ्या नकाशा-आराखड्यांच्या प्रणालींना लागू झाले पाहिजे. पाटणच्या विद्यार्थ्याचे कौशल्य कोणा एका कंपनीच्या दावणीला बांधले जाता कामा नये. कार्यकर्त्यांनी ही मागणी महाविद्यालयांपासूनच लावून धरावी.