सुट्टी दिली म्हणजे कर्तव्य संपलें काय?

पावसाळा आला कीं आमच्याकडे अलीकडे एक ठराविक प्रयोग होऊं लागला आहे. हवामानखातें लाल इशारा देतें. जिल्हाधिकारी शाळांस सुट्टी जाहीर करतात. ती बातमी रात्रीं उशिरां, कधीं कधीं तर पहाटे, मोबाइलवरून घरोघर पोंचते. मुलें आनंदानें दप्तरें कोपऱ्यांत टाकतात. आणि सरकार, शाळा व पालक हे तिघेहि आपापलें कर्तव्य यथासांग पार पडलें अशा समाधानानें स्वस्थ बसतात. दुसऱ्या दिवशीं ऊन पडलें तर हवामानखात्याची थट्टा करावयास मोकळे, आणि पाऊस कोसळलाच तर "बरें झालें, सुट्टी होती" असें म्हणावयास मोकळे! या सुट्टीस आमचा विरोध नाहीं. जिल्हाधिकारी हे २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यान्वयें जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, व धोका दिसत असतां मुलांस घरीं ठेवविणें हें त्यांचें कामच आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या दिवशीं इशारा वेळेवर येणार नाहीं, किंवा मुलें शाळेंत जाऊन बसल्यावर येईल, त्या दिवशीं काय करावयाचें हें कोणीं ठरविलें आहे काय?

असा दिवस येऊन गेलेला आहे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंतील मुलें नेहमीप्रमाणें शाळेंत गेलीं, चाकरमाने कचेऱ्यांत गेले, व्यापाऱ्यांनीं दुकानें उघडलीं. दुपारीं पावसानें जोर धरला, आणि चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यास, त्याच अवधींत शंभर मिलिमीटरहि पाऊस झाला नाहीं. म्हणजे कोटांतल्या कचेरींत बसलेल्या बापास खिडकींतून नेहमीचा श्रावणाआधींचा पाऊस दिसत होता, आणि उपनगरांत त्याचें मूल जेथें होतें तेथें मिठी नदी रस्त्यावर आली होती! आगगाड्या थांबल्या, वीज गेली, टेलिफोन मुके झाले. मुंबई व उपनगरें मिळून चारशेंहून अधिक माणसें दगावलीं; त्यांत कांहीं तर काचा बंद असलेल्या मोटारींत गुदमरून गेलीं.

त्या रात्रीं कित्येक मुलें शाळेच्या वर्गांतच झोंपलीं, कित्येक बसगाड्यांत अडकून पडलीं, आणि कित्येकांचे आईबाप छातीभर पाण्यांतून त्यांस शोधावयास निघाले. ज्या शिक्षकांनीं व ज्या अनोळखी गृहस्थांनीं परक्या मुलांस रात्रभर जपलें त्यांचे उपकार फिटण्यासारखे नाहींत. पण एवढ्या मोठ्या शहरांतील मुलांचा जीव केवळ कोणाच्या तरी प्रसंगावधानावर अवलंबून असावा काय? एका शाळेनें मुलांस ठेवून घेतलें, दुसरीनें घंटा देऊन सोडून दिलें. एका पालकानें शाळेवर भरंवसा ठेवला, दुसरा धांवत सुटला व त्याचें मूल दुसऱ्याच वाटेनें घरीं निघालें. यांत चूक कोणाची, असें आम्हांस कोणीं विचारलें तर आम्ही म्हणूं कीं त्या दिवशींची चूक कोणाचीच नव्हे. चूक त्याच्या आधींच्या जून महिन्याची! तेव्हां शाळेनें व पालकांनीं एकत्र बसून दोन गोष्टी ठरविल्या असत्या, तर निम्मी धांवाधांव टळली असती. पाण्यांतून चालत घरीं जाणें हा धीटपणा आहे अशी आमच्यांत एक समजूत आहे. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसांत मुंबईंतील एक नामांकित डॉक्टर मोटार सोडून पायीं घरीं निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्यें पडून वाहून गेले. जेथें जाणत्या माणसाची ही गत, तेथें आठ वर्षांच्या पोराला "जा बाळ, संभाळून जा" असें सांगणें याला काय म्हणावें?

पूर्वतयारी न करणें हा शाळेचा कायदेशीर दोष ठरतो कीं नाहीं, या प्रश्नाचा निवाडा जपानांत झालेला आहे, व तो आमच्या प्रत्येक शाळाचालकानें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. ११ मार्च २०११ रोजीं दुपारीं तेथें महाभूकंप झाला. इशिनोमाकी शहरांतील ओकावा प्राथमिक शाळा समुद्रापासून सुमारें चार किलोमीटर आंत, नदीकांठीं होती. भूकंपानंतर लाट येईपर्यंत सुमारें पन्नास मिनिटें मिळालीं. शाळेच्या मागेंच टेंकडी होती. पण मुलांस मैदानांत उभें करून शिक्षकमंडळी कोठें जावें याचा खल करीत राहिली. शाळेच्या आपत्कालीन पुस्तिकेंत आश्रयाचें ठिकाण म्हणून "जवळची मोकळी जागा, बाग" अशा अर्थाचे मोघम शब्द होते. कोणती जागा, कोणती बाग, हें कोणींच ठरविलें नव्हतें. शाळेच्या पटावरील १०८ मुलांपैकीं ७४ मुलें व १० शिक्षक त्या लाटेंत गेले. आईबापांनीं दावा केला. सेंदाई येथील उच्च न्यायालयानें २०१८ सालीं जो निकाल दिला त्याचें मर्म असें, कीं दोष केवळ त्या पन्नास मिनिटांतील नसून आधींच्या तयारींतला आहे. पुस्तिका नीट करणें व आश्रयाचें ठिकाण निश्चित करणें हें शाळेचें आणि नगराच्या शिक्षणखात्याचें आगाऊ कर्तव्य होतें, व तें त्यांनीं केलें नाहीं. २०१९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तोच निकाल कायम ठेवला. भरपाईची रक्कम १४० कोटी येनांहून अधिक होती. पण त्या आईबापांस रकमेचें काय?

त्याच दिवशीं, त्याच किनाऱ्यावर, कामाइशी या गांवीं शाळेंत असलेलीं जवळजवळ तीन हजार मुलें वांचलीं. तेथें काताडा नांवाच्या प्राध्यापकानें कित्येक वर्षें मुलांस तीन गोष्टी शिकविल्या होत्या: नकाशावर विसंबूं नका, त्या घटकेला जें उत्तम करतां येईल तें करा, आणि पळण्यांत पहिले व्हा. माध्यमिक शाळेचीं मुलें धांवत सुटलीं, त्यांना पाहून प्राथमिक शाळेचीं मुलें निघालीं, आणि पहिली आश्रयाची जागा अपुरी वाटतांच तीं आणखी वर गेलीं. त्या किनाऱ्यावर एक जुनी शिकवण आहे, तिला "तेन्देन्को" म्हणतात; म्हणजे ज्यानें त्यानें आपापलें उंचावर पळावें. वरवर पाहतां ही शिकवण निष्ठुर वाटते. पण तिच्या पोटांत कुटुंबाचा एक करार आहे. आई वर गेली असेल असा मुलाला विश्वास, आणि मूल वर गेलें असेल असा आईला विश्वास. हा विश्वास आधीं घरांत बसून बोललेला असला तरच कोणी कोणाला शोधावयास मागें फिरत नाहीं. २६ जुलैला आमच्या आईबापांपाशीं नेमका हाच करार नव्हता.

कोणी म्हणेल, जपानच्या गोष्टी जपानला. आमच्या येथें असा कायदा कोठें आहे? आहे! १६ जुलै २००४ रोजीं तामिळनाडूंतील कुंभकोणम् येथें शाळेच्या स्वयंपाकघरांतील आग झावळ्यांच्या छपरास लागून ९४ मुलें जळून मेलीं. त्यावरून झालेल्या अविनाश मेहरोत्रा यांच्या याचिकेंत आमच्या सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २००९ मध्यें स्पष्ट सांगितलें कीं शिक्षणाच्या हक्कांत सुरक्षित शाळेचा हक्क येतो. आणि आग विझविण्याचीं साधनें, इमारतींची तपासणी व शिक्षकांचें प्रशिक्षण यांविषयीं हुकूम दिले. पुढें २०१६ सालीं राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणानें शालेय सुरक्षेचें धोरणहि प्रसिद्ध केलें. शिक्षणहक्काच्या कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत किमान तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत असें ठरवून दिलें आहे. तेव्हां कायदा नाहीं ही सबब चालावयाची नाहीं. कायदा आहे, समिती आहे, आराखडाहि बहुधा कपाटांत आहे. नाहीं ती त्याची उजळणी! जो आराखडा एका शाळेनें दुसरीचा उतरून घेतला व साहेबांच्या तपासणीपुरता फाइलींत लावला, त्यांत आणि ओकावाच्या पुस्तिकेंत आम्हांस कांहीं भेद दिसत नाहीं.

मग ठरवावयाचें तें काय? मुख्य गोष्ट ही कीं, पाणी चढूं लागल्यावर मूल शाळेंतच राहील, आणि नोंदलेल्या माणसाखेरीज कोणाच्याहि हातीं दिलें जाणार नाहीं, असा शाळेचा नियम असावा. व त्यावर जूनमध्येंच पालकांची सही असावी. घरचें माणूस पोंचणें शक्य नसल्यास मूल कोणाच्या घरीं जाईल, त्या जवळच्या दोन घरांचीं नांवें त्याच कागदावर असावींत. हा कागद म्हणजे कागदच असावा. वीज गेल्यावर संगणकांतील यादी काय कामाची? मुलें ठेवून घ्यावयाचीं तर कोणत्या मजल्यावर, पिण्याचें पाणी कोठें, मुलींच्या शौचकूपाची काय सोय, ज्यांना दमा किंवा मधुमेह आहे त्यांचें औषध कोणापाशीं, हेंहि ओघानें आलें. मुलांना नेणाऱ्या रिक्षावाल्यांस व बसच्या चालकांस या बैठकींतून वगळण्याची जी चाल आहे ती आम्हांस अत्यंत घातक वाटते. कारण पूर आला त्या घटकेस निम्मीं मुलें त्यांच्याच ताब्यांत असतात. "भरलेल्या मोरीवरून किंवा पुलावरून गाडी घालूं नये, परत शाळेंत आणावी" एवढी एक आज्ञा त्यांस कोणीं स्पष्ट शब्दांत दिली आहे काय? आणि रंगीत तालीम करावयाची ती पावसांत करावी. फेब्रुवारींतल्या कोरड्या मैदानावर, पाहुण्यांपुढें, शिट्टीच्या तालावर केलेली कवाईत ही करमणूक होय.

मराठवाडा व विदर्भांतील शाळांस पुराहून विजेचें भय अधिक. वळवाच्या व परतीच्या पावसांत तेथें दरवर्षीं माणसें व गुरें विजेनें मरतात, आणि त्यांतील कित्येक झाडाखालीं आसऱ्यास उभीं असतात. गडगडाट ऐकूं आला कीं खेळ बंद, मुलें पक्क्या इमारतींत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी मैदानांत जावयाचें नाहीं, एवढा नियम पाळण्यास पैसाहि लागत नाहीं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें "दामिनी" नांवाचें ॲप याचसाठीं केलें आहे. तें निदान प्रत्येक शिक्षकाच्या मोबाइलमध्यें असावें.

आतां घराकडे वळूं. पावसाळ्याची बेगमी हा शब्द आमच्या भाषेंत नवा नाहीं. कोंकणांत छपरें शाकारलीं जातात, लांकूडफांटा आंत घेतला जातो, होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत ओढून ठेवल्या जातात. देशावर धान्याचीं पोतीं जमिनीवरून उचलून फळ्यांवर रचलीं जातात. ज्या लोकांनीं पापडलोणच्यांचीहि तजवीज वैशाखांत करावी, त्यांस दूरदृष्टि शिकवावी असें आम्ही कसें म्हणूं? पण बेगमी वस्तूंची झाली, बोलण्याची झाली नाहीं. घरांतील मुलास आईचा टेलिफोनक्रमांक पाठ आहे काय? हल्लीं तो पाठ नसतो, कारण तो यंत्रांत असतो! ११२ हा आणीबाणीचा क्रमांक त्यास ठाऊक आहे काय? घर बुडूं लागलें तर विजेची मुख्य कळ कोणी बंद करावयाची, म्हातारीला कोणी उचलावयाचें, आणि ताटातूट झाली तर सर्वांनीं कोठें भेटावयाचें?

आमच्या व्यापारी बंधूंस तर हें अधिक खुलासेवार सांगावयास नको. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीच्या पुरांत चिपळूणची बाजारपेठ बुडाली. तें शहर २००५ सालींहि बुडालें होतें. पुराचा अनुभव असलेल्या पेठेंत चोपड्या पोटमाळ्यावर ठेवतात, मालाचा विमा उतरवितात, नदीचें पाणी कोठवर आलें याची खूण भिंतीवर करतात. गोदामाविषयीं ही सावधगिरी, आणि मुलांच्या शाळेच्या भिंतीवर मात्र तशी खूण नाहीं! २०१९ च्या ऑगस्टमध्यें सांगली जिल्ह्यांतील ब्रह्मनाळ येथें पुरांतून बाहेर पडणाऱ्यांची होडी उलटून स्त्रिया व मुलें बुडालीं. होडींत माणसें फार झालीं होतीं. पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत निघावयाचें नाहीं, आणि मग सर्वांनीं एकाच होडींत चढावयाचें, ही आमची खोड फार जुनी आहे.

मुलांपुढें असल्या गोष्टी काढल्या तर तीं भितील, असाहि एक आक्षेप ऐकूं येतो. तो आईबापांच्या स्वतःच्या भीतीचा आहे. मुलास रस्ता ओलांडावयास शिकवितांना आपण मोटारीचें नांव घेतोंच कीं नाहीं? आणि "जें दैवांत असेल तें होईल" असें म्हणणाऱ्या गृहस्थांनीं आपल्या दुकानाचा विमा प्रथम रद्द करावा, मग आमच्याशीं वादास यावें.

गांवोगांवच्या शिक्षणसंस्थांचे विश्वस्त बहुधा आमचे वाचकच आहेत. स्नेहसंमेलनाच्या मांडवावर व रोषणाईवर या संस्था जो पैसा खर्च करतात, त्याच्या अल्पांशांत दोर, कंदील, शिट्ट्या, पाण्याचीं पिंपें व औषधांची पेटी हें सारें येईल. तेव्हां पालकसभा बोलावतांना गणवेशाचा रंग व फीचे हप्ते या विषयांच्या आधीं एक प्रश्न विषयपत्रिकेवर घालावा: दुपारीं दोन वाजतां पाणी चढूं लागलें, तर आमचीं मुलें कोठें असतील, आणि तीं कोणाच्या स्वाधीन असतील? मुख्याध्यापकांपाशीं याचें उत्तर तयार नसेल, तर तें ठरेपर्यंत सभा उठूं देऊं नये.