पर्समध्ये पिस्तूल?

नाईट शिफ्ट संपवून कसबा बावड्याला एकटीनं परतताना वाटतंच, पर्समध्ये छोटंसं पिस्तूल हवं! २०१४मध्ये कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीनं खास महिलांसाठी ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आणलं. वजन अर्धा किलो, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात. वर वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, पोलिसांचा रिपोर्ट हवा आणि जिल्हाधिकाऱ्यांचं लायसन्स. पण खरी अडचण कागदपत्रांची नाहीच. मागून कुणी हात धरला, तर पर्सची चेन उघडणार कधी? कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या एशियाडमध्ये पिस्तुलावर गोल्ड मिळवलं, ते वर्षानुवर्षांच्या सरावावर. सराव नसेल, तर पिस्तूल हिसकावणाऱ्याचंच! तेव्हा आधी ११२ नंबर लक्षात ठेवा, घरच्यांना लोकेशन पाठवा. आणि लायसन्स काढायचंच असेल, तर अर्जाआधी शूटिंग रेंज गाठा.