संघ कोणाचा?

कोंकणांत वाडी विकली जाण्यापूर्वीं तिच्या विक्रीची वार्ता गांवभर फिरून येते. आमच्या बोर्ली पंचतनापासून दिवेआगर-श्रीवर्धनपर्यंत कोणत्याही गांवीं जा. मुंबईस राहणारे एखाद्या घरचे भाऊबंद अवेळीं गांवीं आले आणि त्यांनीं गडग्याच्या कडेनें दोन फेऱ्या मारल्या, कीं तिन्हीसांजेच्या आंत ओटीओटीवर चर्चा सुरू होते. वाडी काढणार काय? गिऱ्हाईक पुण्याचें कीं मुंबईचें? घर ठेवणार कीं पाडून तेथें प्रवाशांसाठीं बंगले उठवणार? यांतील निम्में बोलणें निराधार असतें हें खरें. परंतु बोलणारे सर्वच रिकामटेकडे असतात असें नाहीं. ज्या वाटेनें ते पिढ्यान्‌पिढ्या पाणी आणावयास गेले ती वाट उद्यां बंद होणार कीं काय, ही त्यांची चिंता खरी असते.

अशीच चर्चा शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं शहरांत राहणाऱ्या आमच्या तरुण मंडळींत एका निराळ्याच मालमत्तेविषयीं चालते. ती मालमत्ता म्हणजे धंदेवाईक फुटबॉलचा संघ. वडील मंडळींस हा प्रकार चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडा खुलासा करतों. जिमखान्याचा संघ सभासदांचा असतो. धंदेवाईक संघ ही कंपनी असते. तिचे खेळाडू पगारी असतात, आणि तिची मालकी बाजारांतील इतर कंपन्यांप्रमाणें एका हातांतून दुसऱ्या हातांत जाऊं शकते. प्रेक्षक तिकीट काढतो, संघाच्या रंगाचा सदरा घालतो, घसा बसेपर्यंत ओरडतो. पण सातबाऱ्यावर त्याचें नांव कोठेंच नसतें. म्हणून विक्रीची कुणकुण लागतांच तर्क करणें एवढेंच त्याच्या हातीं उरतें.

पुण्याचें उदाहरण विचार करण्याजोगें आहे. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी हा संघ २००७ सालीं निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्यें दुसरा आला, आणि २०१५ सालीं बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळून मिटला. २०१४ सालीं निघालेला एफसी पुणे सिटी २०१८ सालीं इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोंचला. बंगळुरूशीं पहिला सामना पुण्यांत बरोबरींत सुटला. दुसऱ्यांत सुनील छेत्रीनें तीन गोल करून पुण्याची आशा संपविली. पुढल्याच वर्षीं मालकांच्या आर्थिक अडचणींची चर्चा सुरू झाली आणि तर्कांस पूर आला. नवा धनी येईल. नांव बदलेल, पण गांव तरी राहील. अशा आशेवर किती मुलांनीं तो उन्हाळा काढला असेल! शेवटीं नांवही राहिलें नाहीं आणि गांवही राहिलें नाहीं. लीगमधील पुण्याच्या जागीं हैदराबादचा संघ आला. त्यानें २०२२ सालीं अजिंक्यपद मिळविलें; तरीही २०२५ सालीं तो संघ दिल्लीस हलविला गेला व त्यानें नवें नांव घेतलें. अकरा वर्षांत तीन शहरें झालीं.

सुपारीचें रोप लावल्यावर फळ धरूं लागण्यास पांचसहा वर्षें तरी जातात. पुण्याच्या या तीन संघांचीं आयुष्यें आठ, एक आणि पांच वर्षांचीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें आमच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हां आम्हीं दैवास बोल लावला आणि पुन्हां रोपें लावलीं. फुटबॉलच्या या वाड्या मात्र वादळानें पडल्या नव्हत्या. त्या हिशेबानें उठल्या.

तरी विकणें म्हणजे नाशच, असा सिद्धान्त कोणी करूं नये. मुंबई सिटीचा पासष्ट टक्के हिस्सा २०१९ सालीं मँचेस्टर सिटीच्या मालक कंपनीनें, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपनें घेतला. त्यानंतर त्या संघानें २०२०-२१ व २०२३-२४ या दोन हंगामांत अजिंक्यपद मिळविलें. पुढें लीगचें भवितव्य अनिश्चित झालें, तेव्हां २०२५ च्या अखेरीस तो समूह बाहेर पडला आणि मालकी मूळच्या मालकांकडे परत आली. मालकाची बाजूही न्यायानें पाहिली पाहिजे. दरसाल तोटा सोसून दुसऱ्याच्या आनंदासाठीं संघ चालवावा, अशी सक्ति कोणावर करतां येईल?

मग प्रेक्षकाचा हक्क तो कोणता? हा वाद आपल्या घरांस नवा नाहीं. १९४९ च्या कायद्यानें खोती गेली; कुळकायद्यान्वयें १ एप्रिल १९५७ पासून कसणारें कूळ मालक मानलें गेलें. आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांस तें जड गेलें. परंतु कागदावर नांव नसलेल्या मनुष्याचाही जमिनीशीं संबंध असतो, हा धडा त्यांतून सर्वांसच मिळाला. प्रेक्षक कांहीं कूळ नव्हे. त्यानें नांगर धरलेला नाहीं, आणि मालकी तो मागतही नाहीं. विक्रीपूर्वीं आपणांस विचारावें, निदान वेळेवर सांगावें, एवढेंच त्याचें मागणें आहे.

हें मागणें वेडगळ नाहीं. जर्मनींत मोठ्या संघांच्या कंपनींतही मतांचें आधिक्य सभासदांच्या संस्थेकडे राहावें, असा सर्वसाधारण नियम आहे. इंग्लंडांत २००२ सालीं विंबल्डनचा संघ मिल्टन कीन्स येथें नेण्यास परवानगी मिळाली, तेव्हां चाहत्यांनीं त्याच वर्षीं आपला नवा संघ काढला. फार खालच्या पायरीपासून चढत तो २०११ सालीं पुन्हां फुटबॉल लीगमध्यें पोहोंचला. आपल्याकडे कलकत्त्याच्या १८८९ सालच्या मोहन बागानची मोठी भागीदारी २०२० सालीं नव्या मालकांकडे गेली आणि नांवामागें 'एटीके' हीं अक्षरें लागलीं. चाहत्यांनीं तीं कधींच मान्य केलीं नाहींत. २०२३ सालीं मालकांनीं तीं काढून टाकलीं.

म्हणून आमच्या तरुण मित्रांस एक सुचवावेंसें वाटतें. विक्रीची वार्ता उठली, कीं 'गिऱ्हाईक कोण?' या तर्कांत सारी रात्र घालवूं नका. नांव राहील काय, मैदान राहील काय, आणि संघाच्या शाळेंत शिकणाऱ्या लहान मुलांचें पुढें काय, हे तीन प्रश्न एकत्र येऊन, लेखी आणि वेळेवर विचारा. पुणे एफसीचा मोठा संघ मिटला तरी त्याची मुलांची प्रशिक्षणशाळा एफसी पुणे सिटीनें घेतली होती. तेवढें तरी तेव्हां वांचलें.

आणि वडील मंडळींस विनंति इतकीच, कीं घरांतील एखादा मुलगा अशी बातमी वाचून जेवणावरून उठला, तर त्यास हसूं नये. आपली वाडी परक्याच्या नांवावर चढली त्या दिवशीं आपल्यापैकीं किती जणांच्या घशाखालीं घांस उतरला होता, हें आठवावें, आणि त्यास पानावर परत बोलवावें.