वस्ती उठलेले बेट

२०१८ च्या संक्रांतीच्या सुट्टीत आम्ही उभयता आदिलाबादहून कोकणात गेलो होतो. पैनगंगेच्या काठच्या माणसाला नावेचे अप्रूप नाही. शिडाच्या होडीत मात्र मी प्रथमच बसलो. राजपुरीहून जंजिरा अगदी हाताशी दिसतो. परंतु वारा समोरचा, म्हणून नाखव्याने होडी सरळ न नेता, शीड फिरवीत, वळणे घेत नेली. तट जवळ आला तरी दरवाजा दिसेना. दोन बुरुजांच्या आड तो तसा दडविलाच आहे. लाटेने होडी पायरीशी उचलली, तेव्हा नाखव्याने हात दिला आणि आम्ही उतरलो.

‘जंजिरा’ हे ‘बेट’ या अर्थाच्या अरबी शब्दाचे रूप. हे बेट घेण्यासाठी शिवछत्रपतींनी पराकाष्ठा केली, जवळच पद्मदुर्ग उभारला. १६८२ साली संभाजीराजांनी समुद्रात दगडांचा सेतू घालण्यास आरंभ केला. तरी सिद्दींचा जंजिरा अजिंक्यच राहिला. १९४८ साली संस्थान विलीन झाले, तेव्हाही तटाच्या आत नांदते गाव होते. पुढे संस्थानाची चाकरी सरली आणि एकेक बिऱ्हाड किनाऱ्यावर गेले.

आज आत तोफा आहेत, खाऱ्या समुद्रात गोड्या पाण्याचे तलाव आहेत. मात्र दिवा लावणारे घर नाही. पडक्या वाड्यापाशी सौ. ने विचारले, “अहो, पहिले बिऱ्हाड कोणाचे उठले असेल?” मी हसून वेळ मारून नेली.

परतीच्या वाटेवर वारा पाठीशी होता. मन मात्र घराकडे लागले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आमच्या जिल्ह्यातील किनवट, राजुरा हे भाग पलीकडे गेले, आम्ही अलीकडे राहिलो. आमची मराठीही तेव्हापासून बेटावरच नांदते आहे. तिला कोणी वेढा घातलेला नाही. तेलुगु शेजाऱ्यांशी आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा आहे. तरी दर जूनमध्ये शाळेचा पट भरताना मी पालकांना विनवतो, “मुलांना मराठीत शिकवा.” आणि माझ्या स्वतःच्या मुलाला मात्र मी इंग्रजी शाळेत घातले. आज तो आईशी मराठी बोलतो, पण पत्रातली मराठी त्याला वाचता येत नाही.

सौ. च्या त्या प्रश्नाचे उत्तर होडीतच मला सापडले होते. तिला ते अद्याप सांगितलेले नाही.